अंबाजीची पितळी पिन

जगातली प्रत्येक वस्तू एक ना एक दिवस मोडणार, याबद्दल अंबाजीला शंका नव्हती. त्याचा प्रश्न एवढाच, की आधी काय मोडायचं. यावर त्याने चौतीस वर्षं विचार केला होता आणि उत्तरही काढलं होतं: जे स्वस्त असेल ते.

नागावची सुरूची झाडं संपून कोळीवाडा सुरू होतो तिथे, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून त्याची टपरी होती. चार बाजूंना पत्रा आणि आत लोखंड कातायचा सहा फुटी लेथ. पेणकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून तो आणला, तेव्हा टेम्पोवाल्याने विचारलं होतं, "काका, याच्यावर पिकतं काय?" पिकत होतं बऱ्यापैकी. होड्यांचे शाफ्ट, पंख्यांचे बुश, गंजलेल्या नटांचे नवे भाऊबंद. रेवसपासून मुरुडपर्यंतचे होडीवाले नाखवे त्याच्याकडे यायचे आणि कामाला नावं ठेवत पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

पितळी पिनेचं प्रकरण त्याच्या भावापासून सुरू झालं. थोरला नामा मामाच्या होडीवर खलाशी होता. होडीला मागे लावायचं मशीन होतं. अशा मशिनाच्या पंख्यात बोटाच्या पेराएवढी पितळी पिन असते. पंख्यात जाळं गुरफटलं किंवा खडक लागला की पिन तुटते, पंखा मोकळा होतो आणि मशीन वाचतं. मग दुसरी पिन घालायची आणि घरी यायचं. मामाच्या पिना फार तुटायच्या, म्हणून एकदा मामाने पिनेच्या जागी लोखंडी खिळा ठोकला. खिळा तुटला नाही. मशिनाचे दाते तुटले, होडी वाऱ्यावर गेली आणि पुढचं खांदेरीच्या खडकांनी पाहिलं. मामा पोहत आला. नामा चौथ्या दिवशी रेवदंड्याच्या पुळणीवर मिळाला. खिळा मात्र शेवटपर्यंत सरळ होता. अंबाजीने तो स्वतः पक्कडीने काढला होता.

तेव्हापासून त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक फिरत्या वस्तूत एक पितळी पिन असे. अलिबाग एसटी स्टँडवरच्या उसाच्या गुऱ्हाळात होती, चौलच्या भातगिरणीत होती, बर्फ फोडायच्या यंत्रात होती. बायकोच्या, नलूच्या शिलाई मशिनाला त्याने न विचारता पिन घातली, आणि जाड कापड आलं की ती नेमकी तुटायची. नलू सुकी मासळी विकायची आणि बोलताना वजनात मारत नसे. "मनापन एक पिन बसवा," ती म्हणायची. "म्हंजे कवा तुटलू ते तुमाला कललं तरी."

त्यांना एकच मुलगी, दिशा. बारावी झाल्यावर तिला आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथ चालवायचा, कोर्स करायचा होता. अंबाजीने नाही म्हटलं. पनवेलकडे एका बाईची वेणी लेथच्या फिरत्या जबड्यात, चकात, गेली होती, तिचं काय झालं ते त्याने जेवणाच्या ताटावर तपशिलासकट सांगितलं. ही बाई त्याने पाहिली नव्हती, पण ऐकली होती. दुसऱ्या दिवशी दिशा कानापर्यंत केस कापून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. आता कारण उरलं नव्हतं, पण नकार तयार होता, तो वाया कसा घालवायचा? अंबाजीने पुन्हा नाही म्हटलं. ती नागावच्या एका होमस्टेवर कामाला लागली. चाव्या द्यायच्या, टॉवेल मोजायचे, पाहुण्यांना समुद्र कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं. बापाशी ती त्यानंतर कामापुरती बोलायची, आणि काम फारसं नसायचं.

स्कूटर तिथेच मिळाली. पेट्रोलची नव्हे, दोन लहान टणक चाकं, त्यांच्यावर पाऊलभर फळी आणि पुढे उभा दांडा. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्याने जमीन मागे सारायची. पुण्याचं एक कुटुंब ती विसरून गेलं होतं. दिशाने दोनदा फोन केला. "ठेवा तुम्हीच, आमच्याकडे तो विषय संपला," असं पलीकडच्या बाईंनी सांगितलं. दिशाकडे मात्र विषय सुरू झाला. मोबाइलवर बघून बघून ती वर्षभरात स्कूटरसकट उडायला शिकली, हवेत फळी गर्रकन फिरवून पुन्हा पायाखाली घ्यायला शिकली. आधी कोळीवाडा हसला, मग त्याला सवय झाली.

जागा होती नवी जेट्टी. ती बांधून पुरी होईपर्यंत गाळ एवढा साचला, की ऐन भरतीलाही होडी तिथे लागेना. उद्घाटन राहिलंच. बाकी जेट्टी झकास होती: गुळगुळीत काँक्रीट, डाव्या कडेने होड्यांचे दोर बांधायला टाकलेला गुडघ्याच्या खाली येणारा लोखंडी पाइप, आणि पाइपाच्या पलीकडे पुरुषभर खाली रचलेले काळे दगड. दोर बांधायला कोणी येत नव्हतं, म्हणून पाइपही दिशा एकटीच वापरत होती. म्हणजे वापरायला बघत होती. स्कूटरची फळी पाइपावर टेकवून घसरत जायचा प्रयत्न करायची, पण फळी अडकायची.

ऑक्टोबरात एका दुपारी ती टपरीत आली आणि लेथ थांबायची वाट बघत उभी राहिली. दोन वर्षांत ती टपरीत आली नव्हती.

"बाबा, मना पेग बनवून दे."

दाराशी शाफ्टची वाट बघत बसलेला विनेश नाखवा खुशीत आला. "वा गो पोरी! बापाकडं सरल पेग? दोन घे, एक मना."

"विनेशकाका, तुमचं चारला सुरू होतं ना? अजून अर्धा तास हाय," दिशा म्हणाली, आणि बापाकडे वळून मोबाइल पुढे केला. त्यात एक गोरा माणूस पायऱ्यांच्या कठड्यावरून स्कूटरसकट सर्रकन खाली येत होता. "हे बघ. चाकाच्या बाजूला नळी हाय ना, टॉर्चच्या सेलएवढी? याला पेग बोलतात. एक पुढच्या चाकाला, एक मागच्या. उडी मारून हे दोन्ही पाइपावर टेकवायचे आणि घसरत जायचं. चाकं हवेतच."

"विकत नाय मिलत?"

"मिळतात, पण माझ्या चाकाच्या दांडीला बसत नाहीत. तुझ्याशिवाय कुणी करणारं न्हाय."

अंबाजीने हे वाक्य ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पट्टीसाठी हात पुढे केला. मापं घेताना तिने पुढचं सांगितलं. नवी मुंबईत स्केटिंगचं मैदान झालं होतं. तिथला प्रणय म्हणून मुलगा तिचे व्हिडिओ बघत होता. मुलींना शिकवायला त्यांना एक मुलगी हवी होती. राहायला खोली, महिन्याला पगार. पाइपावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरल्याचा एक अखंड व्हिडिओ महिनाअखेर पाठवायचा, की जागा तिची.

"आनि मग तू जानार," अंबाजी म्हणाला.

"मग मी जाणार."

त्याने तीन दिवस घेतले. विनेशचा शाफ्ट बाजूला पडला. विनेशने आईवरून शिव्या दिल्या, अंबाजीने त्या नोंद न करता सोडून दिल्या. एका जुन्या शाफ्टच्या तुकड्यातून, न गंजणाऱ्या पोलादातून त्याने दोन नळ्या काढल्या, कडा गोल केल्या, पॉलिश कागदाने अशा घासल्या की त्यांत टपरीचा पत्रा दिसावा. आयुष्यात त्याने दिशासाठी केलेली ही पहिलीच वस्तू. पाळणासुद्धा शेजारून मागून आणला होता.

चाकाच्या दांडीच्या टोकावर नळी बसवायची, ती जागेवर घट्ट कशी राहील एवढाच प्रश्न होता. आटे पाडून पक्की आवळता आली असती. अंबाजीने मशिनवाल्याच्या सवयीने विचार केला. पोरगी उडी मारणार, पाइपावर आदळणार. एखाद्या दिवशी वेडीवाकडी आदळणार. नळी पक्की असेल तर दांडी वाकेल, चाक जाईल, दांड्याचा सांधा जाईल, स्कूटर भंगारात. मग? मग पोरगी रडेल आणि दोष बापाच्या कामाला. म्हणून त्याने नळीतून आणि दांडीतून आरपार बारीक भोक पाडलं आणि त्यात पितळी पिन ठोकली. फारच जोर आला की पिन तुटेल, नळी निसटेल, स्कूटर वाचेल. मग दुसरी पिन घालायची आणि घरी यायचं.

पिनेची डोकी त्याने कानशीने सपाट केली आणि वरून एवढं पॉलिश मारलं की पितळ कुठे आणि पोलाद कुठे, ते त्यालाही दिव्याखाली धरूनच कळलं. सांगितलं असतं तर दिशा म्हणाली असती, नको. म्हणून सांगितलं नाही.

"एक नंबर!" दिशा म्हणाली. तिने दोन्ही पेग अंगठ्याने चोळून पाहिले. "मस्त झालंय बाबा. खरंच." दोन वर्षांत त्याला मिळालेलं हे सगळ्यात लांब कौतुक होतं. तो घरी गेला आणि त्या दिवशी नलूच्या टोमण्यांना हसला. नलूला काळजी वाटली.

पंधरा दिवस पेगांनी काम केलं. चार हात, मग आठ हात, मग पाइपाच्या अर्ध्यापर्यंत. व्हिडिओ घ्यायला तिने रविवारी सकाळी सातला बापालाच नेलं, कारण नलूला मोबाइलमध्ये फक्त स्वतःचा अंगठा टिपता येत असे. अंबाजीने मोबाइल दोन्ही हातांनी, पूजेचं तबक धरावं तसा धरला. ओहोटी लागली होती. गाळात बगळे होते.

"हलू नकोस. मी कितीपण ओरडले तरी हलायचं न्हाय. अखंड पायजे."

"न्हाय हलत."

पहिल्या खेपेस ती पाऊण पाइपावर उतरली. दुसऱ्या खेपेस थोडं पुढे. तिसऱ्यांदा तिने लांबून वेग घेतला, उडाली, आणि दोन्ही पेग पाइपावर एकदम टेकले. घासण्याचा आवाज सुरीला धार लावताना येतो तसा. अंबाजीला तो आवाज आवडला. काम बरोबर झालं की धातू असा बोलतो. शेवटचे पाच-सहा हात उरले असतील. तिथे पाइपाला जोड होता, जोडावर वेल्डिंगची गाठ होती. पुढचा पेग गाठीला लागला. ताड असा लहानसा आवाज झाला. अंबाजीने तो आवाज हजार वेळा ऐकला होता आणि प्रत्येक वेळी त्याला बरं वाटलं होतं.

नळी निसटून गाळाकडे गेली. पुढचं चाक पाइपाच्या पलीकडे उतरलं आणि दिशा त्याच्या मागून दगडांत गेली. स्कूटर पाइपाला अडकून वरच राहिली, तिचं चाक फिरत होतं. अंबाजी हलला नाही. हलू नको असं तिने सांगितलं होतं म्हणून, की पाय उचलेनात म्हणून, हे त्याला पुढेही ठरवता आलं नाही. व्हिडिओ अखंड आला. एक मिनिट दहा सेकंद.

उजवा घोटा तीन ठिकाणी मोडला होता आणि नडगी एका ठिकाणी. अलिबागला ऑपरेशन झालं, धातूची पट्टी आणि सळई घातली. डॉक्टर बाई तरुण होती, तिने एक्स-रे खिडकीला लावून नीट समजावलं. सळई हाडाच्या आतून जाते, वर-खाली स्क्रू असतात.

"कुठला धातू?" अंबाजीने विचारलं.

तिने सांगितलं.

"आनि जोर आला तर आधी काय तुटंल?"

डॉक्टर बाईला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "लवकर वजन टाकलं तर स्क्रू तुटतो कधीकधी. हाड वाचतं."

"बरं," अंबाजी म्हणाला. बाहेर आल्यावर तो पायऱ्यांवर बसला आणि पाऊण तास उठला नाही. घोटा पहिल्यासारखा वाकणार नाही, हे डॉक्टर बाईने त्यानंतर नलूला सांगितलं. चालता येईल. उड्या विसरा.

कोळीवाड्यात कारणं निघाली. जेट्टीला नारळ दिला नव्हता. पोरीच्या जातीने असले धंदे करू नयेत. दिशाने केस कापले तेव्हाच हे व्हायचं ठरलं होतं. विनेश मात्र व्यवहारी माणूस. तो पाचव्या दिवशी टाइप केलेला अर्ज घेऊन दवाखान्यात आला.

"जेट्टीच्या पाइपाचा जोड खराब. गाठ घासली न्हाय. त्यात पोरीचा पाय गेला. अंबाजीदादा, तुमी बाप, हितं सही करा. भरपाई घेतल्याशिवाय सोडायची न्हाय."

"करा की," नलू म्हणाली.

"चष्मा न्हाय आनला," अंबाजी म्हणाला.

"डोक्यावर हाय."

त्याने चष्मा खाली घेतला, अर्ज दोनदा वाचला आणि उद्या करतो म्हणाला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात पेग होता. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ओहोटीला तो मांडीभर गाळात उतरून हाताने चाचपत राहिला होता, आणि तिसऱ्या खेपेला पेग मिळाला होता. भोकात पिनेचा अर्धा तुकडा होता. तुटलेली बाजू सपाट, चकचकीत. इतकी बरोबर तुटलेली पिन त्याने क्वचित पाहिली होती. पेग खाडीत टाकायचा म्हणून तो तीनदा पुलापर्यंत गेला होता आणि तिन्ही वेळा घेऊन परत आला होता. सही केली की विषय पाइपाचा होणार होता आणि आयुष्यभर पाइपाचाच राहणार होता. दिशा पाइपाला शिव्या देणार होती. सोपं होतं.

विनेश चहाला म्हणून नलूला घेऊन खाली गेला. दिशा छताकडे बघत होती. मग तिने उशीखालून मोबाइल काढला.

"हा व्हिडिओ मी अडीचशे वेळा बघितला," ती म्हणाली. "हळू करून. बघ. गाठीला लागला. इथं थांब. मी अजून पाइपावर हाय, बघ, उभी. आणि पेग कुठं हाय?"

पेग हवेत होता.

"आधी पेग सुटला, मग मी पडले. दांडी न्हाय वाकली. आटे न्हाय गेले. नुसता सुटला, पिकलेलं फळ सुटतं तसा." ती थांबली. "पिन घातलीस ना?"

खाली कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक ओरडत होतं. त्याला तेल हवं होतं. अंबाजीने खिशातून पेग काढला आणि चादरीवर ठेवला.

"व्हय," तो म्हणाला.

तिने पेग उचलून भोकात पाहिलं.

"कशापायी?"

"स्कूटर मोडू नये म्हनून."

दिशाने पिनेच्या तुकड्यावरून नख फिरवलं. रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. शेवटी तिने विचारलं, "स्कूटरला काय झालं?"

"काय न्हाय. वरखडासुद्धा न्हाय."

"म्हंजे पिनेनं काम केलं," दिशा म्हणाली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

विनेशचा अर्ज अंबाजीने सही न करता परत दिला. कारणही सांगितलं, त्याला आणि नलूला, एकाच वाक्यात. विनेश म्हणाला, गाढव माणूस, घरचं येणं घालवलं. नलू काहीच म्हणाली नाही. तिला बोलायला सुचलं नाही अशी ही त्यांच्या संसारातली पहिली वेळ, आणि ती तीन आठवडे टिकली. प्रणयचा मेसेज आला: लवकर बरी हो, पुढे कधीतरी नक्की. त्या जागेवर ठाण्याची एक मुलगी लागली.

अंबाजी टपरी उघडत होता, पण कोणी पिन मागितली की तो म्हणे, विकत मिळते, बाजारातून आणा. नाखवे हसत, मग कंटाळून दुसरीकडे जात. स्कूटर त्याने टपरीच्या वाशाला टांगली होती. झाडताना ती डोक्याला लागायची, तरी त्याने जागा बदलली नाही.

शिमग्याच्या आधी चार दिवस दिशा काठी टेकत टपरीत आली. घोटा ताठ होता. पाऊल तिने आधी बाजूला फेकलं, मग टेकलं. बसली नाही.

"पेग करून दे," ती म्हणाली. "आख्खा भरीव. आटे पाडून. आरपार भोक न्हाय, पिन न्हाय."

कशाला, हे अंबाजीने विचारलं नाही. स्कूटरकडे दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही. त्याने पोलादाचा तुकडा चकात धरला आणि दीड तासात पेग काढला. तिने तो हातात घेऊन डोळे मिटले आणि सगळीकडून नख फिरवून पाहिलं, जोड कुठे लागतो का.

"काप."

"काय?"

"मधून उभा काप. आतलं बघू दे."

पोलाद करवतीने उभं कापायला वेळ लागतो. दोन पाती गेली. दिशा शेवटपर्यंत उभी होती. दोन अर्धे वेगळे झाले, आतून नुसतं पोलाद, करड्या रंगाचं, कुठेही पितळेचा ठिपका नाही. तिने दोन्ही अर्धे उजेडात धरून पाहिले आणि फळीवर ठेवले.

"बरं."

"आता दुसरा करतो," अंबाजी म्हणाला.

"तोपन कापावा लागंल."

त्याने दहा केले असते तरी दहाही कापल्याशिवाय कळले नसते, आणि कापलेला पेग कोणाच्या कामाचा? अंबाजी हातात करवत घेऊन उभा राहिला. दिशाने कोपऱ्यातलं स्टूल काठीने ओढलं, लेथसमोर लावलं, ताठ पाय मासळीच्या क्रेटवर ठेवला आणि बसली.

"सरक."

तो सरकला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं, चकाविषयी, पनवेलकडच्या बाईविषयी. दिशाचे केस कानापर्यंतच होते. तिने पोलादाचा तुकडा चकात घातला, चावीने आवळला, पुन्हा आवळला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण लहानपणापासून पत्र्याच्या फटीतून ती काय बघत होती ते आता कळत होतं.

अंबाजीने मेन स्विच वर ढकलून चालू केला आणि हात त्याच्यावरच ठेवून उभा राहिला. काही झालं तर खाली ओढायला तेवढा वेळ मिळाला असता.

"हात काढ," दिशा न वळता म्हणाली.

त्याने हात काढला.